परीचे पंख आणि ओली चादर

राजे,

बाबांना मी माझ्याकडे नेतेय. मित्रांबरोबरच्या त्या गोष्टीच्या खेळासाठी तू कागदांवर रचलेलं आशेचं राज्य टेबलावर पसरलंय, ते वाचलं. म्हणे प्रत्येक म्हाताऱ्याच्या उशाशी घंटा, वाजवली की परी हजर! आणि इथे शेजारच्या खोलीत बाप सकाळपासून ओल्या चादरीत. वास पार जिन्यापर्यंत येत होता. तू मात्र खेळातल्या त्या परीच्या बाहुलीच्या पंखांना सोनेरी रंग आणायला गेलायस. चादरीची किळस नाही आली रे, तुझी आली.

चादर बादलीत भिजवलीय. ती तूच धुवायची.

बाबांना विचारलं, त्याला हाक का नाही मारलीत? म्हणाले, "नको गं, चांगलं जग बनवत होता पोरगा. मध्येच कशाला उठवायचं?"

ताई