तारेवरचा हात

४ मे १९५८, अमरावती
उन्हानं डोकं उठलं. तारघराच्या खिडकीला वाळ्याची ताटी, वरून पाण्याचा मारा, तरी तार ठोकायची की तापलेलीच. दुपारी कामाच्या मधेच अकोल्याच्या तारघरातले काझीसाहेब तारेवर म्हणाले (इंग्रजीत, अर्थात), "आज जेवला नाहीस. हात ढिला पडतोय." खरंच जेवलो नव्हतो! या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही, त्यांनी मला नाही. मधे नुसते खांब नि तार. थक्क झालो. दिवसभर तेच डोक्यात.

५ मे
वानखडेला सांगितलं. माझ्याच पाळीला असतो, पण तो कायम, मी टेम्पररी. हसला. "बुढ्याले काय जादू येते काय बे? साइन पाहून वळखत असन."
साइन म्हणजे प्रत्येक तारेच्या शेवटी पाठवणाऱ्याची दोन अक्षरं. माझी डी. जी. पण आमच्याकडची रीत न्यारी. ज्याची पाळी, त्याची साइन. तो चहाला उठला तर की वर बसलेला दुसरा त्याचीच अक्षरं देतो. सगळेच करतात. म्हणजे काझीसाहेब साइनवर जात नसणार. जातात ते हातावर, की दाबायच्या लकबीवर.
गावात आडनाव सांगितलं की समोरचा जरा थांबतो, मग ठरलेला प्रश्न. तारेवर आडनाव नाही. फार बरं वाटतं.

१४ मे
घोटाळा. इथल्या एका घरची तार अकोल्याला: साक्षगंधाला मंगळवारी येतो. तिथं पोचला गुरुवार. काल मंडळी गेली तर मुलीच्या घराला कुलूप, घरचे सगळे बार्शीटाकळीला! आज नवरदेवाचे मामा येऊन टेबल बडवत होते, "साहेब, आमचा पोरगा नवे कपडे घालून उन्हात ओट्यावर बसून राह्यला! लोक पाहून राह्यले!" मला हसू फुटत होतं. मग आमचे तारमास्तर देशपांडेसाहेब यांनी त्या तारेची कॉपी काढली. खाली साइन डी. जी.
हसू गेलं. ती तार गेली त्या वेळी मी जागेवर नव्हतोच. मायला डोळे दाखवायला इर्विन दवाखान्यात नेलं होतं. वानखडेला बसवून गेलो होतो.

१५ मे
साहेबांना खरं ते सांगितलं. "मग साइन तुमची कशी?" रीत सांगितली. तारमास्तरांना रीत माहीत नसेल? पण कागदावर रीत नाही. वानखडेला बोलावलं. माझ्या तोंडावर म्हणाला, "मी नाई बसलो, साहेब. थोच होता."
संताप संताप झाला. कायम करायचा माझा कागद याच महिन्यात जायचा होता. आता नोकरीच जाईल असं साहेबांच्या चेहऱ्यावरून दिसतं. घरातली पहिली सरकारी नोकरी. माय विचारत होती, "काऊन रे, जेवत नाई?" ऊन म्हणालो.

१७ मे
धीर करून म्हणालो, ती तार अकोल्याला काझीसाहेबांनीच घेतली, त्यांना विचारा, त्या दिवशी हात कोणाचा होता. वाटलं, हाकलतील. साहेब म्हणाले, "विचारून नाही भागायचं. तपासू."

१९ मे
आज तपासलं. 
अकोल्याला एवढंच कळवलं की तिघे एकच ओळ पाठवतील, साइन न देता. ओळखा.
पहिला मी. भीतीनं अडखळलो, बोटं माझी वाटेनात. उत्तर आलं: "डी. जी. घाबरू नकोस."
मग साहेब स्वतःच बसले! कित्येक वर्षांत की ला हात नाही, ओळ ओढत ओढत गेली. गेला डाव, म्हटलं. मग दोन अक्षरं आली, मला अनोळखी. साहेबांनी चष्मा काढला. नागपूरला नवीन लागले तेव्हाची त्यांची साइन. "तेव्हा हा काझी तिकडे वर्ध्याला होता," एवढंच म्हणाले. माणूस म्हातारा होतो, साहेब होतो, अन् हात तोच राहतो?
तिसरा वानखडे. मुद्दाम वाकडंतिकडं पाठवलं. उत्तर: "ओळखला." नाव नाही.
साहेबांनी तारेवर विचारलं, साक्षगंधाच्या तारेचा हात या तिघांत आहे?
"आहे. नाव मी सांगायच्या आधी त्याला सांगू द्या. उद्या दुपारपर्यंत थांबतो."
वानखडे उठून बाहेर गेला. त्याला दोन पोरं. परवापर्यंत त्याचं वाटोळं व्हावं असं वाटत होतं. आज तेवढं वाटत नाही. पण माझी नोकरी मला पाहिजे.

२० मे
सकाळी वानखडे आला. डोळे लाल. साहेब आपल्या खुर्चीत, समोर दोन कागद: माझा कायम करायचा, अन् त्या तारेचा अहवाल, नावाची जागा कोरी.
दुपारी तो आपणहून की वर बसला. अकोला लावलं. पलीकडून विचारलं: "कोण?"
ओळखूनही विचारलं. त्याचं बोट की वर, दाबत नव्हतं. माझ्याकडे वळून पाहिलं. मी मान खाली घातली नाही.
पुन्हा आलं: "कोण?"
वानखडेनं की दाबली, या वेळी स्वतःची अक्षरं दिली.