न्हाणीघराच्या खिडकीतला कप

भाई, सलाम.

काल भाभीला शेवटची आंघोळ घालायला तू मलाच बोलावलंस. बायकांच्या मय्यती मी धुते, म्हणून तुझ्या घरात माझा चहाचा कप वेगळा, न्हाणीघराच्या खिडकीत. आणि शुक्रवारी मशिदीत तुझा आवाज चढतो, "अल्लाहसमोर कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही!" लोक रडतात. एकदा मीही रडले, मूर्खासारखी.

भाभी मला दारातूनच सांगायची, "तुझा कप तूच विसळ हं." काल तिचे केस, नखं, कानामागचं सगळं मीच धुतलं. हात हलकाच ठेवला. मेलेल्या माणसावर राग काढू नये.

पाणी मात्र माझ्या कपाने ओतलं. मग तो विसळून स्वयंपाकघरात तुमच्या कपांत ठेवून दिला. सेट एकच, एकासारखा एक. दफन करून आल्यावर सगळ्यांना चहा झाला. तू वर आणखी मागितलास.

हे पत्र पाठवणार नाही. कळलं तर सगळे कप फोडशील. त्यापेक्षा रोज निवांत फुरके मार. मला तेवढा न्याय पुरे.

अल्लाहसमोर तुझ्या बरोबरीची,
तुझी धाकटी बहीण