हवेतून बोलायचा परवाना

तीर्थरूप दादा,

तुमच्या धाकट्या मेहुण्याचा शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? आणि रेडिओ? (गुडघ्याची चौकशी आधी केली, हे ध्यानात ठेवा.) आम्ही मजेत, कारण बातमीच तशी आहे. हौशी रेडिओचा परवाना आपल्या घरात आला! माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत. रविवारी सकाळी तुमच्या रेडिओवर आमच्या घरचा आवाज येणार.

परवान्याशिवाय नुसतं ऐकावं, बोलायचं बटण दाबलं की गुन्हा, हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणून वर्षभर कंबर कसली. परीक्षेत नियम असतात, थोडी वीज असते आणि मोर्सच्या ठोक्यांच्या लिपीचं कट्ट-कडकट्ट असतं. हाताला लागेल त्यावर मी ते वाजवलं, वर अक्षरही मोठ्याने म्हणायचो. ताटावर चमच्याने, नळावर पान्याने, दुकानात चष्म्याच्या डबीवर. (हात थरथरणाऱ्याकडून चष्मा नको, म्हणून एक गिऱ्हाईक उठून गेलं. जाऊ दे, नुसतं भाव विचारणारंच होतं.) तुमच्या बहिणीने कपाळाला हात लावला, पण मला थांबवलं नाही. परीक्षेला एकट्याने जायचा धीर होईना, म्हणून सोबतीला तिचाही अर्ज भरून टाकला.

नियमांचा पेपर सोपा गेला (घरी प्रश्न तीच विचारायची). मग परीक्षकांनी हेडफोन लावायला सांगितले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की वर्षभर मी नुसता वाजवत आलो, ऐकलं कधीच नाही. संदेश कुठल्याशा जहाजावरच्या हवामानाचा होता. मी उतरवलेला वाचून परीक्षकांनी प्यायला पाणी मागवलं. माणूस सज्जन, हसू दाबत होता. असो. परवाना घरात आला, हे महत्त्वाचं.

बाकी रविवारी, हवेतून. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
चष्मेवाला मेहुणा

ता. क. : परवाना तुमच्या बहिणीच्या नावावर आहे. वर्षभर ऐकणारी तीच होती ना. आता ती मला बटणाला बोट लावू देत नाही, नियम दाखवते.

ता. क. २ : मला पुन्हा परीक्षेला बसायचंय, दादा. फार मनात आहे. तिने मला शिकवावं, असं रविवारी तुम्हीच सुचवा, जणू तुम्हालाच सुचलं. स्वतः विचारायला माझी जीभ रेटत नाही. मी शेजारीच असेन, पण काही ठाऊक नसल्यासारखा चेहरा करीन.

ता. क. ३ : दादा, पत्र पाकिटात मी घालतेय, म्हणून वाचलं. शिकवीन. पण आता वर्षभर ताट मी वाजवणार आणि ह्यांनी गप्प बसून ऐकायचं.