चाळीस मिनिटांची फ्रेम

४ मार्च
आले एकदाची! भिंगरीच्या घरात मला रस्त्याकडची खोली मिळाली आहे. टेबल, दिवा, कपाट, सगळं तिने आधीच लावून ठेवलं होतं. धाकटी बहीण असून माझी आईच झाली आहे. उद्यापासून तिच्याच स्टुडिओत माझी नोकरी. तिथे मुलांसाठी ॲनिमेशनचा सिनेमा चालू आहे. भिंगरी दृश्यांना उजेड देते, म्हणजे दिवा कुठे आणि सावली कुठे, ते ठरवते. मी यंत्रघरात बसायचं. तिथले चाळीस संगणक सिनेमाची एकेक फ्रेम वाटून घेतात आणि रंगवून देतात. कोण अडलं, कोण रखडलं, ते मी शोधायचं. आईला फोनवर सांगितलं तर हसतच सुटली. म्हणाली, गोगलगाईला बरं पळणाऱ्यांवर देखरेखीचं काम मिळालं! घरात मी गोगलगाय आणि ती भिंगरी, लहानपणापासून. मीही हसले.

६ मार्च
यंत्रघरात गारठा आहे, स्वेटर घालून बसते. माणसं चांगली आहेत. फक्त जो तो माझी ओळख 'भिंगरीची ताई' अशीच करून देतो. दिग्दर्शिकेला सगळे 'बाई' म्हणतात. बाईंनी भिंगरीच्या पाठीवर हात ठेवून मला ऐकवलं की असं माणूस दिवा घेऊन शोधलं तरी सापडायचं नाही. मी म्हटलं, हो ना. घरी येऊन भांडी जरा जोरातच घासली.

११ मार्च
पहिलं खरं काम. इतरांच्या फ्रेम चार मिनिटांत होतात, भिंगरीच्या एका शॉटच्या फ्रेमला चाळीस लागतात. सगळे यंत्रांच्या नावाने खडे फोडत होते. मी शॉट दुसऱ्या यंत्रावर टाकला, तिसऱ्यावर टाकला, वायर बदलून पाहिली. चाळीस ते चाळीसच. म्हणजे खोट शॉटमध्येच होती. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

मग अर्ध्या-अर्ध्याने शोध घेतला. दृश्यातल्या निम्म्या वस्तू झाकायच्या आणि फ्रेमला किती वेळ लागतो ते बघायचं. वेळ कमी झाला तर चोर झाकलेल्यांत. मग त्यातल्या निम्म्या. खुर्च्या गेल्या, पडदा गेला, भांडी गेली. चार वाजता एकच वस्तू उरली. दाराच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, माणसाएवढी उभी. तिला नाव नाही, रंग नाही. भिंगरीने आपल्या पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, दारामागे तर काहीच नाही गं.

मी ती झाकली. फ्रेम चार मिनिटांत झाली. बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. सगळ्यात जोरात भिंगरीच वाजवत होती.

१२ मार्च
भिंगरी चहाचा कप घेऊन बसली. मी अंघोळ केली, कपडे वाळत घातले, परत आले तरी कप निम्मा. सहज घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं. दमली असेल.

१७ मार्च
तिच्या आणखी पाच शॉटमध्ये तीच वस्तू निघाली. रोज एकदोन झाकते आहे. दर शॉटमागे भिंगरी मंदावते. काही विचारलं तर माझी भाजी चिरून होते, तेव्हा उत्तर येतं.

योगायोग नको म्हणून आज घरच्या लॅपटॉपवरून झाकलेलं सगळं उघडं केलं. ती शिट्टी वाजवत खोलीत आली, माझी वेणी ओढून गेली. मी पुन्हा झाकलं. जिन्यात तिच्या पावलांचा आवाज थांबला.

इथे तरी खोटं लिहायला नको. मला तिचा हेवा वाटतो. तीस वर्षं वाटतो आहे. एकदा तरी तिने माझ्या मागे राहावं. सिनेमा पुरा होईपर्यंतच. मग उघडं करीन.

२३ मार्च
डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. आई म्हणाली, तू आहेस म्हणून घर चाललंय. हे मला! बाईंनी भिंगरीचं काम माझ्याकडे दिलं. यंत्रघरात आता मला माझ्या नावाने हाक मारतात.

२८ मार्च
ती खिडकीशी बसून आहे. पापणी सकाळी मिटायला लागली, दुपारी मिटली. गालावर एक थेंब आहे. काल तो डोळ्याखाली होता.

तिला सगळं कळतंय.

उघडं करायला बसले होते. पण परवा सिनेमा द्यायचा आहे. उघडं केलं तर फ्रेम परत चाळीसवर— दोनच दिवस.

३० मार्च
प्रत्येक शॉटवर करणाऱ्याचं नाव असतं. तिने सहाही ठिकाणी 'भिंगरी' एवढंच लिहिलेलं. बाई म्हणाल्या, मेहनत तुझी, नाव तुझं टाक. टाकलं. आधी तिचं पुसलं, सहाही ठिकाणी.

घरी आले तर दार भिंगरीनेच उघडलं. धावत येऊन मला मिठी मारली. मीही तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले. माझा हात पोचेपर्यंत ती आत जाऊन चहा घेऊन आली होती.

३ एप्रिल
ही ओळ सुरू केली तेव्हा उजाडत होतं. आता दिवे लागले आहेत.
झाकलेली ती वस्तू, शॉटवर ज्याचं नाव, त्याच्या मागे येऊन उभी राहते. मी आता वळून बघत नाही. वळायला दिवस जाईल.

९ एप्रिल
वस्तू उघडी करायची तर सहा शॉट, शंभर खटपटी— मला जमणार नाही. नाव परत तिचं करायला तीनच अक्षरं. भिं. ग. री. एका शॉटचं केलं तरी बोटं सुटतील, मग बाकीचे—
लॅपटॉप समोरच आहे.

१६ एप्रिल
तिने माझ्यासाठी नोकरी सोडली. घास भरवते. इतकी भरभर की डोळ्याला ती दिसत नाही, नुसता वारा लागतो. बोलणं कळत नाही. चिवचिव.
अजूनही हेवा वाटतो. देवा, अजूनही.

२—
उजवा हात वहीवर. डावा लॅपटॉपवर. भिं झालं.
ती केस विंचरतेय माझे.

मे?
ग झालं.
मानेमागे श्वास. तिचा नाही, ती समोर—

तिने पडदा पाहिला, थबकली, म्हणून मला दिसली. रडतेय. तिला वाटतंय, मी तिला हाक मारतेय. माझं बोट हातात घेतलं. तीच नेतेय, री कडे—
भिंगरी, नको— म्हणायचंय— तोंड उघडतेय— उघ