त्याच्या पाठीवर किती ठेवू

आई, घरात दोन सॅक येऊन पडल्या आहेत आणि त्यातली एक मला परत करायची आहे. उद्या सकाळी माणूस न्यायला येईल. एक राखाडी आहे, मोठी, तिच्या पाठीत ॲल्युमिनियमची वाकवलेली पट्टी आणि कमरेला जाड पट्टा. दुसरी हिरवट, पातळ कापडाची, हातात घेतली की पतंगाच्या कागदासारखी कुरकुरते. हिला ना पट्टी ना पाठीला गादी, घडी केली तर माझ्या कॉलेजच्या पर्समध्ये मावेल. दोन्ही हलक्या म्हणूनच विकतात. फरक इतकाच की राखाडीत दोघांचं सामान बसतं आणि हिरवीत एकट्या माणसाचंही दाबून भरावं लागतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, मोठी ठेव, त्यात काय विचार करायचा. किंवा कदाचित म्हणाली नसतीस. आठ दिवस मी तेच आठवून पाहतेय, तू नेमकं काय म्हणाली असतीस, आणि मला ते ठरवता येत नाही.

तुझा जावई आता पन्नाशीला आला आहे. मागच्या हिवाळ्यात त्याच्या हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली. सकाळी छत्री तलावाच्या रस्त्यानं फिरून आला, चहा घेतला, आणि कप खाली ठेवताना म्हणाला, छातीत गच्च वाटून राहिलं. ऑटो करून गेलो. डॉक्टरांनी वेळेवर आलात म्हणून सांगितलं, पण मला त्या दिवसातलं वेळेवर काहीच आठवत नाही, फक्त ऑटोवाला गाडगेनगरच्या चौकात लाल दिव्याला थांबला होता आणि मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारल्या होत्या, ते आठवतं. त्यानं मागं वळूनही पाहिलं नाही. दिवा तोडून गाडी काढली.

आता तो बरा आहे. चालतो, जिने चढतो, ऑफिसात जातो, माझ्याशी भांडतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही हिमालयात पायी जायचं ठरवलं होतं, तुला माहीत आहे, तूच हसली होतीस की दगडं पाहाले इतक्या दूर कोणी जाते काय. मग बाळंतपण, त्याच्या आईचं आजारपण, माझी नोकरी, असं करत ते राहिलं. या वर्षी त्यानंच डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, फार उंच नको, घाई नको, पाठीवर थोडकं वजन चालेल. म्हणून उत्तराखंडातली एक बेताची वाट धरली आहे, गावागावांतून देवदारांखालून जाणारी. पुढच्या महिन्यात निघायचं. त्यानं स्वतःसाठी हिरवी सॅक चहा पिता पिता मागवली, विषय संपवला. मी दोन मागवल्या, एक त्याच्यासारखीच हिरवी आणि एक ही राखाडी.

गेला आठवडाभर मी घरात ओझं घेऊन फिरते आहे. तूरडाळीचे पुडे, शब्दकोश, पाण्याच्या बाटल्या, असं काय काय सॅकमध्ये भरते आणि गच्चीपर्यंत जिने चढते. आधी राखाडी घेऊन, मग हिरवी घेऊन, मग पुन्हा राखाडी. राखाडीत वजन कमरेवर उतरतं, खांदे मोकळे राहतात. हिरवीत डाळ पाठीला टोचते. उन्हानं गच्ची तापलेली असते, तरी मी टाकीभोवती फेऱ्या मारते. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पहिल्या दिवशी विचारलं, काय वं, माहेरी चालली का रुसून? मी म्हटलं, माहेर कुठं राहिलं काकू. त्या म्हणाल्या, मंग तुरीची डाय घेऊन कोठी चालली? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारणं सोडलं, नुसतं दार उघडून बघतात.

खांद्यावरून आठवलं. तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. मूर्तिजापूरकडच्या गावांतून लसींचा डबा खांद्याला लावून तू फिरायचीस, नर्सबाई आली म्हणून पोरं घरामागं पळायची, आणि संध्याकाळी अकोल्याला परत आलीस की डबा ओट्यावर ठेवून थोडा वेळ तशीच तिरपी उभी राहायचीस. डबा काढला तरी खांदा वर यायला वेळ घ्यायचा. मग कणिक मळायला बसायचीस. बाबा शाळेतून आधीच आलेले असत, दम लागलेला असे, पंपानं श्वास ओढत खुर्चीत बसलेले. त्यांना तू काही उचलू दिलेलं मला आठवत नाही. पिठाचा डबा नाही, पाण्याची बादली नाही. फक्त दसऱ्याला नागपूरला जाताना त्यांच्या हातात एक पिशवी असायची.

ती पिशवी आज डोक्यातून जात नाही. निघायच्या आदल्या दिवशी तू स्वयंपाकघरात खाली बसून सामान बांधतेस. भाकरी, चटणी, पाण्याची कॅन, सतरंजी, माझे कपडे, दीक्षाभूमीवर कोणी उपाशी दिसलं तर म्हणून वरच्या भाकरी, हे सगळं तुझ्या दोन पिशव्यांत जातं. आणि बाबांच्या पिशवीत, ती सगळ्यात मोठी, निळ्या पट्ट्यांची, तिच्यात तू मुरमुरे भरतेस. कोंबून नाही, सैल, तोंडापर्यंत. वर एक चादर दुमडून. पिशवी अशी टम्म फुगते की गाडीच्या दारातून तिरपी करून न्यावी लागते. ती घेऊन बाबा गर्दीत आमच्या पुढं चालतात, बाजूला व्हा बाप्पा, सामान हाय, म्हणत. वस्तीतले लोक त्यांना म्हणतात, गुरुजी, द्या इकडं, आमी घेतो. बाबा देत नाहीत. मी मागून चालते आणि मला माझ्या बाबांचा अभिमान वाटतो. त्या पिशवीत काय आहे हे मला माहीत होतं, मी तुझ्या समोरच बसले होते, तरी अभिमान वाटायचा.

परतीला मात्र तुझं चालायचं नाही. मुरमुरे तिथं वाटून संपलेले असत आणि बाबा पुस्तकं घेत. दरवर्षी घेत, आणि ती स्वतःच्याच पिशवीत भरत. मी सहावीत असेन त्या वर्षी त्यांनी जाडजाड ग्रंथ घेतले. मूर्तिजापूर गेलं की ते उठून दारात उभे राहायचे, तसे राहिले. अकोल्याला उतरलो, पूल चढायला लागलो, आणि अर्ध्या जिन्यात त्यांचा श्वास लागला. पिशवी पायरीवर टेकली, कठडा धरला, ओठ निळसर. मागून माणसं ढकलत होती. मी धावले आणि पिशवीचा बंद ओढला. तू माझ्या मनगटावर चापट मारलीस. जोरात. आणि हळू आवाजात म्हणालीस, "सोड ते. त्यायची पिशवी हाय."

मग तू तिथंच, त्या चेंगराचेंगरीत, पायरीवर बसलीस आणि चप्पल काढून तिचा अंगठा बघायला लागलीस. लोक तुला शिव्या देत वळसा घालून जात होते. एक बाई म्हणाली, मधातच बसली जशी बापाची गाडी. तू मान वर केली नाहीस. चप्पल उलटी केलीस, सुलटी केलीस, अंगठा ओढून पाहिलास. चपलीला काही झालं नव्हतं. बाबांचा श्वास खाली आला, त्यांनी पंप खिशात ठेवला, पिशवी उचलली आणि म्हणाले, झाली का तुही चप्पल, चाल. मग आपण वर गेलो.

हे सगळं मला नीट आठवत होतं आणि तरीही गेल्या रविवारी चिखलदऱ्याला मी जे केलं ते केलं. सराव म्हणून आम्ही खालच्या वाटेनं चढून वर जायचं ठरवलं, पूर्ण सामान घेऊन. दोघांच्या सॅक मी भरल्या. तो आंघोळीला गेला होता. त्याच्या हिरवीत मी दोघांची पिसांची जाकिटं घातली, झोपायची पिशवी घातली, आणि तरी ती पोकळ दिसायला लागली म्हणून प्रवासाची रबरी उशी फुगवून मध्ये बसवली. बाकी सगळं राखाडीत, माझ्या पाठीवर. राखाडीचं लेबलही काढलं नव्हतं, परत करायची झाली तर म्हणून, ते आत खोचलं होतं आणि ती जमिनीला लागू नये म्हणून विसाव्याला मांडीवर घेऊन बसत होते. तो हसला, म्हणाला, लेकरू पाजून राहिली का काय. मजेत होता. माझ्या पुढं चालत होता, वाटेतल्या माणसांना नमस्कार घालत होता, मध्येच वळून सांगत होता, काहीच वाटत नाही बघ. मला धाप लागली होती, पण मी सुखात होते. खोटं कशाला सांगू, फार सुखात होते.

वरच्या चहाच्या टपरीवर त्यानं मला सॅक द्यायला म्हणून राखाडी उचलली. अर्धवट उचलून पुन्हा बाकावर ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःची सोडली, जाकिटं काढून बाकावर ठेवली, आणि उशी बाहेर काढली.  टपरीवाली बाई चहा गाळायची थांबली. त्यानं उशीचं बूच उघडलं आणि दोन्ही हातांनी दाबून सगळी हवा काढली, सावकाश, शेवटचा फुसका आवाज येईपर्यंत.

"हवा भरून दिली मले," तो म्हणाला. माझ्याशी नाही, त्या बाईशी.

ती बाई हसली आणि मला म्हणाली, चालून तर राहिले चांगले, इतकं काहून भेते बाई.  खाली उतरताना राखाडी त्यानं घेतली नाही, मी दिली नाही. परतवाड्यापर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता, आणि अमरावती आल्यावर घरात पंखा लावून बसला तेव्हा बोलला. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं.

"दवाखान्यात मी इतका नाही भेलो, जितका आज भेलो. तुह्या हिशोबात मी आधीच गेलो काय?"

आई, मी आत जाऊन कुकर लावला. तेव्हापासून मी तुझ्याशीच भांडते आहे. मुरमुरे भरणारी तूच होतीस आणि पायरीवर बसणारीही तूच. मला यातलं कोणतं घ्यायचं ते तू कधी सांगितलं नाहीस, मनगटावर चापट मारून मोकळी झालीस. आणि बाबांना कळत होतं का, हेही सांगितलं नाहीस. पुलावरच्या त्या प्रसंगाच्या पुढच्या वर्षी तू पिशवी भरत होतीस, ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, आवंदा मुरमुरे जरा जास्त भर, लोकांले पुरत नाही. तू चुलीकडे तोंड फिरवलंस. मला वाटलं, तुला धूर लागला. इतकी वर्षं मला तसंच वाटत होतं. आता वाटतं, त्यांना माहीत होतं, तुला माहीत होतं की त्यांना माहीत आहे, आणि दोघं मिळून ती पिशवी नेत होतात. पण माझ्या नवऱ्याला तसं नकोय. त्याला मुरमुरे नकोत. त्यानं स्पष्ट सांगितलं आहे आणि मला ते ऐकावं लागणार, हे मला पटतंही, आणि पटलं तरी भीती जात नाही.

आज दुपारी आम्ही हॉलमध्ये सगळं सामान जमिनीवर मांडलं. पहिल्यांदाच एकत्र. त्याचं त्याच्यासमोर, माझं माझ्यासमोर. डॉक्टरांनी सांगितलेलं वजन गाठायला त्यानं थर्मास काढला, जादा पॅंट काढली, जाडी कादंबरी हातात घेऊन दोनदा ठेवली आणि शेवटी कपाटात परत नेली. काढून टाकलेलं काही मी उचललं नाही. हात दोनदा पुढं गेला. त्यानं पाहिलं आणि म्हणाला, मॅडम, आपलं आपलं पाहा. मग सॅक पाठीला लावून तो गच्चीवर गेला आणि मी जिन्यातून त्याची पावलं ऐकत खाली बसून राहिले. मध्ये एकदा पावलं थांबली. मी उठले, दारापर्यंत गेले, दार उघडलं नाही. वरून काकूंचा आवाज आला, आता तुमी बी डाय घेऊन निंगाले काय. तो हसला. पावलं पुन्हा चालू झाली.

राखाडी मी खोक्यात घातली आहे. पट्टा दुमडला, लेबल बाहेर काढलं, खोक्याला चिकटपट्टी लावली. हिरवीत माझं सामान भरून पाहिलं, बसलं. दुसऱ्याचं काही घालायला तिच्यात जागाच नाही, म्हणून तर ती ठेवली.

जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी त्याच्या शर्टाच्या खिशात असते, ती त्याची तोच सांभाळतो. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मी आणखी एक आणली आहे. हिरव्या सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला एक लहानसा कप्पा आहे, त्यात ती बसते, वजन काहीच होत नाही. गच्चीवरून उतरल्यावर घाम पुसत त्यानं विचारलं, माझं काही तुझ्या सॅकमध्ये नाही ना? मी नाही म्हणाले. आणि मला ते खोटं वाटलं नाही. ती पट्टी मी माझ्यासाठीच घेतली आहे. तो आता बाजारात गेला आहे, येईलच इतक्यात. तो यायच्या आत हे कागद कुठं तरी ठेवायला हवेत, त्याच्या हाती लागता कामा नयेत.