पालकांच्या सहीची ओळ

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझं पत्र तुम्ही चुका काढून परत पाठवाल ही भीती आता उरायला नको. तरी हे पहिलं वाक्य मी तीनदा लिहिलं. माझी लग्नपत्रिका तुम्ही तांबड्या शाईनं दुरुस्त करून मांडवात आणलीत आणि ती नेमकी माझ्या सासऱ्यांच्या हातात दिलीत, हे मी अजून पुरतं विसरलेले नाही. आजची तक्रार मात्र त्याहून मोठी आहे. ती आमच्या कॉलेजबद्दल आहे, माझ्याबद्दल आहे, आणि खरं सांगायचं तर थोडी तुमच्याबद्दलही आहे. समोर असतात तर बोलायची छाती झाली नसती.

तुमचाच विषय मी तालुक्याच्या गावात शिकवते. संस्कृतला विद्यार्थी इतके की सगळ्यांना एका रिक्षात घालून सहलीला नेता येईल. म्हणजे ह्या बाईंना वेळच वेळ, असा हिशेब करून आमच्या प्राचार्यांनी काही वर्षांपूर्वी मला अंतर्गत तक्रार समितीचं अध्यक्ष केलं. कॉलेजातल्या कुणी एखाद्या मुलीच्या अंगावर हात टाकला, तर तिनं जायचं कुठं, तर आमच्याकडं. समितीला अर्जाचा नमुना हवा होता आणि भाषेचं काम म्हणून तोही माझ्याकडं आला. मी तो हौसेनं केला. 'घटनेचा साद्यंत वृत्तांत' काय, 'अर्जदार विद्यार्थिनीची स्वाक्षरी' काय! आणि तिच्या स्वाक्षरीखाली आणखी एक ओळ: 'पालकांची स्वाक्षरी'. कायद्यानं ती मागितली नव्हती, प्राचार्यांनीही नाही. इथं सवलतीच्या पासापासून सहलीच्या संमतीपर्यंत प्रत्येक कागदावर ती असते, हे एक कारण झालं. दुसरं कारण तुम्ही.

तुमचं स्वयंपाकघर. मी आणि माझी मैत्रीण पाटावर बसलोय, तुम्ही ज्वारी निवडताय, समास विचारताय आणि उत्तर चुकलं की सुपातला खडा आमच्या दिशेनं भिरकावताय. त्या दिवशी मैत्रीण उत्तरच देत नाही. खडे येतात, ती हलत नाही. मग तुम्ही सूप बाजूला ठेवता आणि तिच्या तोंडून अर्धं वाक्य बाहेर येतं. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देणाऱ्या माणसानं तिला मागच्या खोलीत अडवलं होतं. उरलेलं अर्धं तुम्ही सांगूच देत नाही. "बास. आता काही बोलू नको." तुम्ही तिला गूळ घालून दूध देता, तुमच्याजवळ झोपवता. जन्मात रजा न घेतलेल्या तुम्ही दुसऱ्या दिवशी रजा घेऊन तिला एसटीनं तेर गावाच्या पलीकडं तिच्या गावी नेता, आणि संध्याकाळी परत येऊन पायांवर पाणी घेताना मला म्हणता, "सुखरूप पोचवली गं." मला वाटलं, माणसानं असं असावं. मैत्रीण पुन्हा कॉलेजात आली नाही, त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. तो माणूस ग्रंथालयाच्या खिडकीवरच राहिला. पुढची दोन वर्षं मला पुस्तकं त्यानंच दिली, आणि प्रत्येक वेळी मी त्याला धन्यवाद म्हणाले. तुम्हीच तसं वळण लावलं होतं.

तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी ती मला बेंबळी गावात एका लग्नाच्या पंगतीत भेटली. अर्जाचा नमुना तेव्हा तयार होऊन कपाटात पडलेला. ती वाढत होती, मी जेवत होते. तुमची चौकशी केली, गेल्याचं कळल्यावर पदरानं डोळे पुसले. "लई जीव लावला बाईंनी," म्हणाली. "माझा हात आईच्या हातात दिला. पण मला परीक्षा द्यायची होती गं. ते कुणी इचारलंच न्हाय." आणि माझ्या पानात दोन जिलब्या टाकून पुढच्या पानाकडं गेली. हा तुमच्यासाठीचा निरोप होता, म्हणून आज देते. माझ्यासाठी त्यात काही निरोप असेल हे मला त्या दिवशी सुचलं नाही. जिलबी खाल्ली आणि घरी आले.

ह्या वर्षी हिवाळी शिबिरानंतर एक मुलगी माझ्याकडं आली. शेवटच्या वर्षाला आहे, लोहारा तालुक्यातली, इथं मुलींच्या वसतिगृहात राहते. माझ्या वर्गातली नाही; संस्कृत घेण्याइतकी ती अविचारी नाही. शिबिरात तिच्याच वर्गातल्या एका मुलानं काय केलं ते मी इथं लिहीत नाही. तिनं ते एकदा लिहिलंय, तेवढं पुरे. मी काय केलं ते सांगते. दार लोटलं, थर्मासातला चहा कपात ओतला आणि म्हणाले, "आधी शांत हो बाळ."

"मॅडम, म्या शांतच हाय," ती म्हणाली. "चहा नको. अर्ज कुठं द्यायचा तेवढं सांगा."

मी नमुना दिला. पोलिसांकडं जायचं तर मी सोबत येते, दवाखान्यात जायचं तर आत्ता निघू, हेही सांगितलं. ती म्हणाली, आधी हे. कुणाशी बोलावंसं वाटलं तर समुपदेशक बाई मंगळवारी येतात, असंही मी म्हणाले. त्या बसतात खेळाच्या सामानाच्या खोलीत, गाद्या आणि भाल्यांच्या मधे, आणि दारामागं कॅरम बोर्ड असल्यामुळं दार पुरतं लागत नाही. हे मात्र मी सांगितलं नाही, ते तिला मंगळवारी कळलंच असेल.

मग अकरा दिवस अर्ज आला नाही. व्हरांड्यात दिसायची, मी बघायचे, ती नमस्कार करून पुढं जायची. मला वाटलं, विचार बदलला. बाराव्या दिवशी तिनं टेबलावर अर्ज ठेवला. सगळा भरलेला, बारीक नीट अक्षर, खालची एक ओळ कोरी. "ही सही न्हाय मिळायची, मॅडम. घरी कळलं तर दाखला काढून घरी बसवतील. परीक्षा तोंडावर आलीय. त्याचा नि माझा नंबर एकाच खोलीत येतो, तेवढा बदला. आन चौकशी करा. घरी सांगू नका." अकरा दिवस ती माझी ओळ दप्तरात घेऊन फिरत होती. मी म्हणाले, कोरी राहू दे, तू सज्ञान आहेस, तुझी सही पुरे. हे मला नमुना करताना का सुचलं नाही, ते तिनं विचारलं नाही.

पुढं मी जे केलं ते इथं नोकरी करणारं कुणीही करतं. आवक क्रमांक पडल्याशिवाय आमच्याकडं कागद जन्माला येत नाही, म्हणून अर्ज पाकिटात घातला, वर ठळक 'गोपनीय' लिहिलं आणि ऑफिसात पाठवला. तिथं आमचे भाऊसाहेब, म्हणजे मोठे कारकून. त्यांनी पाकीट फोडलं. ("गोपनीय असलं तरी विषय लिहावा लागतो ना रजिस्टरला, मॅडम.") कोरी ओळ बघितली, प्रवेश अर्ज काढून वडिलांचा नंबर शोधला आणि फोन लावला. सही करून जावा म्हणाले. कशासाठी, तेही सांगितलं.

मी ऑफिसात जाऊन ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खिडकीवर बोनाफाईडला उभी असलेली पोरं आत डोकावून बघायला लागली. भाऊसाहेब मात्र खरोखर बुचकळ्यात पडले होते. त्यांना दोन लेकी आहेत, माणूस वाईट नाही. "कागद अपुरा होता मॅडम. तुमच्याच अर्जावर लिहिलंय पालकांची सही म्हणून. म्या आपला नियमानं गेलो. आन पोरगी परेशान आहे, घरच्यांना कळायला नको व्हय?" नमुना त्यांच्या हातात होता आणि त्याची भाषा फार शुद्ध होती. प्राचार्य म्हणाले, झालं ते एका परीनं बरंच झालं, आता घरचे काय ते बघतील. आणि ओळ काढायची तर पुढच्या सभेत ठराव ठेवू. पुढची सभा कधी, ते सभेत ठरतं. समितीवरच्या वकीलबाईंना फोन केला, तर त्यांनी एवढंच विचारलं, "ही ओळ कुणाच्या डोक्यातून आली हो?" मी म्हणाले, जुनी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वडील आले. जोडे दाराबाहेर काढले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मुलगी भिंतीला टेकून उभी.

"हिचा दाखला द्या, म्याडम. घिऊन जातो."

"दाखला तिच्या अर्जावर मिळतो," मी म्हणाले. "ती सज्ञान आहे."

"म्या अर्ज करणार न्हाय, आबा."

"तू गप." तिच्याकडं बघितलंही नाही. "म्याडम, गावात कळलं तर हिला कोण इचारील? तुमी चौकशी करचाल, कागदं लिहिचाल. ऱ्हायचं आमाला हाय तिथं."

मी सांगितलं, चौकशी संपेपर्यंत त्या मुलाला वर्गात बसायची बंदी आहे. हिचा परीक्षेचा नंबर दुसऱ्या इमारतीत घेतलाय, त्या खोलीवर पर्यवेक्षक म्हणून मी स्वतः असेन. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंशी बोललेय. हे सगळं मी आदल्या दिवशी भांडून मिळवलं होतं, आणि सांगताना ते किती थोडं आहे ते मला ऐकू येत होतं. त्यांनी दाराबाहेरच्या जोड्यांकडं बघितलं. मग म्हणाले, "तुमाला लेक हाय?"

"आहे. पुण्यात शिकते."

"तिचं असं झालं असतं तर? तिथंच ठिवली असती?"

"ठेवली असती," मी म्हणाले. ताबडतोब म्हणाले.

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, कागदावरचा शिक्का बघतात तसं. मग पहिल्यांदा लेकीकडं वळले. "शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी घरी."

"व्हय."

"तुमच्या शब्दावर ठिवतो, म्याडम," म्हणाले आणि दाखल्याशिवाय गेले.

ह्याला तीन आठवडे झाले. चौकशी रेंगाळलीय. कधी मुलाकडचे तारीख मागतात, कधी समितीची माणसं जमत नाहीत. कपाटातल्या शिल्लक नमुन्यांवरची ती ओळ मी ठरावाची वाट न बघता पेनानं खोडली, तर खाडाखोड असलेला नमुना चालत नाही असा ऑफिसातून शेरा आला. ओळ चालत होती, बाई. खोडलेली चालत नाही. मुलगी रोज तासाला बसते. माझ्याकडं येते, पण रडायला नाही आणि चहालाही नाही. दारात उभी राहून विचारते, "तारीख कधीची पडली?" मी सांगते आणि ती जाते. असं दारात उभं राहून विचारायची संधी माझ्या मैत्रिणीला आपण दिलीच नाही. मला तुमचा राग येतो तो ह्याचा, आणि मग तुमचे ते एसटीच्या धुळीनं भरलेले पाय आठवतात आणि रागही धड करता येत नाही.

ह्या पत्राला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं नसतं. खाली जे लिहिते ते दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये. त्या वडिलांना मी जे म्हणाले ते खोटं होतं. ह्या मुलीच्या जागी माझी लेक असती तर मी पहिल्या गाडीनं पुण्याला गेले असते, तिचं सामान बांधलं असतं आणि तिला घरी घेऊन आले असते. तिला काय हवंय ते विचारायलाही थांबले नसते.