बाबा घाईत आहेत

सेंदाई, १२ एप्रिल १९८७

चि. फुमीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

अखेर नवं टर्नटेबल घरी आलं! सोबत लांब टोनआर्मही, म्हणजे सुई धरणारी दांडी. दांडी लांब असली की सुई तबकडीच्या कडेपासून आतपर्यंत जवळजवळ सरळ चालते, हे मी तुझ्या वहिनीला तीनदा समजावलं. ती म्हणाली की नवरा सरळ चालला असता तर तिला जास्त आनंद झाला असता.

जुनं, म्हणजे बाबांच्या जॅझ-कॅफेतलं, ठेवायला आता जागा नाही आणि ते विकायची कल्पनाही सहन होत नाही. सत्तावीस वर्षं फिरलंय ते. सुई टेकवताना बाबा श्वास रोखायचे, आठवतं? गिऱ्हाईक मोठ्याने बोललं की असे बघायचे की बिचारं कॉफी अर्धी टाकून पळायचं. एकदा नवी दांडी आणायला टोकियोला गेले आणि तुझे शाळेचे बूट साफ विसरले, तर तू दोन दिवस अबोला धरलास. मी मात्र त्या दांडीवर जीव टाकला, तो आजतागायत.

आई तुझ्याकडे आल्यापासून गप्प असते म्हणतेस. म्हणून हे यंत्र कुराशिकीला धाडतोय. बसवायच्या सूचना पाच पानं आहेत. हसू नकोस, एकेक वाच.

लोभ आहेच, तो सुईच्या वजनाएवढासुद्धा कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
कोसाकुदादा

कुराशिकी, २८ एप्रिल

ती. दादास, सा. न. वि. वि.

यंत्र सुखरूप पोचलं. तुझी पाच पानं वाचता वाचता आमच्या ह्यांना डुलकी लागली, पण काम चोख केलं हो. सपाटी मोजली, सुईचं वजन चिमुकल्या तराजूवर तोललं, दांडी तू सांगितलीस तशी अचूक बसवली. माझ्या कानाला सगळा जॅझ सारखाच, पण मला चांगलं वाजतंय असं वाटलं. उलट जरा उत्साही वाटलं.

आईला मात्र नाही आवडलं. बाबांच्या आवडत्या तबकडीची एक बाजू संपेपर्यंत बसली आणि म्हणाली की हे आपलं यंत्र नाही. मग म्हणाली की बाबा घाईत आहेत. त्यांना कुठे जायचंय, असं मलाच विचारायला लागली. दादा, बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली रे.

हे पत्रात लिहितेय, कारण फोन बैठकीत आहे आणि आई दिवसभर फोनशेजारी बसते. गेल्या महिन्यात तिने पातेलं गॅसवर करपवलं, दोनदा बाजारातून घरचा रस्ता चुकली. आता हे बाबांचं. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनीही मान हलवली. इथल्या वृद्धाश्रमात एक जागा रिकामी होतेय. अठरा मेच्या सोमवारपर्यंत फॉर्म द्यायचाय. थोरला मुलगा म्हणून सहीच्या जागी तुझा शिक्का लागेल. फॉर्म सोबत जोडलाय. मला शिव्या घाल, पण उत्तर लवकर दे.

माया आहे तशीच असू दे, आज तिची फार गरज आहे.
तुझी,
फुमिए

सेंदाई, ५ मे

चि. फुमीस, अनेक आशीर्वाद.

शिव्या कसल्या घालू, वेडे? तीन वर्षं तू एकटीने सगळं केलंस. मी इकडे दांड्या बदलत बसलो.

तुझं पत्र आल्यापासून नव्या टर्नटेबलावर काही लावावंसंच वाटत नाही. आई स्वयंपाकघरात कप विसळता विसळता ओरडायची की सुई झिजली, बदला. बाबा भिंगातून बघायचे आणि खरंच झिजलेली असायची! असे कान असलेल्या आईने आता असं म्हणावं? शिक्का मारून फॉर्म परत पाठवतोय. शिक्का थोडा वाकडा उठलाय.

तिला हे सांगायची वेळ येईल तेव्हा मीही येतो.
तुझा,
दादा

कुराशिकी, १२ मे

ती. दादास, सा. न. वि. वि.

फॉर्म मिळाला. सोमवारी देऊन येईन. पिशवीत ठेवलाय, पण सारखी काढून बघते.

आई हल्ली रोज तीच तबकडी लावायला सांगते आणि बाकल्याच्या शेंगा सोलत बसते. कॅफेत एका बाजूत तिच्या टोपलीभर शेंगा सोलून व्हायच्या म्हणे. आता मूठभर शिल्लक राहतात. मी म्हटलं की वयानुसार हात मंदावतो, तर चिडलीच. म्हणाली की तिचा हात तोच आहे, बाबांनीच पाय उचललाय. बाकी एक गंमत सांगते. कव्हरावर त्या बाजूची चोवीस मिनिटं लिहिलीत, आणि माझा भात वीस मिनिटांत होतो. दोन्ही एकदम लावते, तर भात शिजतो आणि त्याच क्षणी बाजू संपते. जुनी झाली की तबकडी आटते का रे?

कळव. लोभ ठेव.
तुझी,
फुमिए

सेंदाई, १३ मे, तातडीचं टपाल

फुमे, फॉर्म देऊ नकोस! नमस्कार-आशीर्वाद नंतर.

तुला आधी फोन केला, तर आईने उचलला. हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवून दिला.

तबकडी आटत नाही गं, तुझा भाऊ गाढव आहे. फुजी नदीच्या अलीकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आणि तुमच्याकडची साठ आवर्तनांची. तुमच्या विजेवर ही जुनी मोटर जास्त जोरात फिरते. मोटरवरची छोटी पितळी पुली बदलून त्याहून बारीक बसवायची असते, नाहीतर तबकडी मिनिटाला तेहतीसऐवजी चाळीस फेरे घेते. हे शाळकरी पोराला कळतं. मी सुईच्या वजनावर दोन पानं लिहिली आणि हेच विसरलो!

आईला भ्रम झालेला नाही. बाबा खरोखरच घाईत होते. तिला ऐकू आलं, आणि तिच्या दोन्ही शहाण्या मुलांनी तिला वेड्यात काढलं. मला स्वतःची लाज वाटते.

पुली लेथवर करून घेतोय. शनिवारी स्वतः घेऊन येतो.
दादा

कुराशिकी, २४ मे

चि. कोसाकुस, आईचे आशीर्वाद. सुनेलाही सांग.

तू गेल्यावर रोज दुपारी एक बाजू ऐकते. आता तुझे बाबा सावकाश वाजतात. परवा मी थोडी रडले, पण बरं वाटलं.

तुम्ही दोघांनी माझी एवढी माफी मागितलीत की मला अवघडल्यासारखं झालं. एक खरं सांगू? कान शाबूत आहेत, पण डोकं नाही. मी विसरते. काल फुमीच्या नवऱ्याचं नाव मला संध्याकाळपर्यंत आठवेना. म्हणून मी त्याला दिवसभर अहो म्हणाले आणि तो खूश झाला.

फुमी तो फॉर्म माझ्यादेखत फाडायला निघाली होती, मी काढून घेतला. नीट वाचला. दोन पानं आहेत. तुझं नाव आहे, फुमीचं आहे, डॉक्टरांचं आहे. जायचं मला, आणि माझ्या म्हणण्याला त्यात एक ओळसुद्धा नाही. कधी ना कधी तिथे जावं लागेल हे मला कळतं. तेव्हा कदाचित मी तुमची नावंही विसरलेली असेन. तरी समोर बसून मला विचारा. मी बहुतेक हो म्हणेन. पण विचारा.

तुझी,
आई